अंगठा आणि संमती

नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासे तालुक्यातील सोनई हे मुळा सहकारी साखर कारखान्याचे गाव असून, मुळा धरणाच्या कालव्यावर पोसलेला ऊस आणि त्या उसाभोवती फिरणारे व्यवहार यांवर या परिसराचे अर्थकारण मोठ्या प्रमाणात उभे आहे. लागण झाल्यावर शेतकऱ्याने कारखान्याच्या शेतकी खात्याकडे केलेली उसाची नोंद, वाहतूकदाराशी झालेला लेखी ठराव, मुकादमाने ऊसतोडणीच्या टोळीतील जोडप्यांना दिलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, हे सारे व्यवहार करारांचे आहेत आणि त्यांचे नियम 1 सप्टेंबर 1872 पासून अमलात असलेल्या भारतीय करार कायद्यात आहेत. हा कायदा इंग्लंडच्या ‘कॉमन लॉ’चा, म्हणजे विधिमंडळाने न लिहिलेल्या आणि न्यायाधीशांनी एकेका खटल्याच्या निकालातून शतकानुशतके घडवलेल्या कायद्याचा वारस आहे, भारतात त्या तत्त्वांना कलमांचे रूप मिळाले, एवढेच.

यांतील पहिल्या तत्त्वानुसार एका पक्षाला प्रस्ताव मांडावा लागतो, दुसऱ्याला तो जसाच्या तसा स्वीकारावा लागतो, आणि काही अपवाद सोडले तर करारासाठी कागद, मुद्रांक किंवा साक्षीदार यांची गरज नसते. प्रस्ताव व स्वीकार यांची गाठ नेमकी कोठे पडते, हा प्रश्न भारतात गाजला तो विदर्भातील खामगावच्या सरकी पेंडीमुळे. 22 जुलै 1959 रोजी अहमदाबादच्या व्यापाऱ्यांनी दूरध्वनीवरून पेंड मागितली, खामगावच्या गिरणीने ती देण्याचे दूरध्वनीवरच कबूल केले, पुढे माल आला नाही आणि 31,150 रुपयांचा दावा अहमदाबादच्या न्यायालयात दाखल झाला. पत्राने स्वीकार कळवल्यास पत्र टपालात पडताच प्रस्ताव मांडणारा बांधला जातो, हा जुना नियम दूरध्वनीला लावला असता तर करार खामगावला झाला असे ठरले असते. परंतु 1965 साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असा निर्णय दिला की, समोरासमोरच्या बोलण्याप्रमाणेच येथेही स्वीकाराचे शब्द जेथे ऐकू येतात तेथे करार पूर्ण होतो, आणि म्हणून अहमदाबादच्या न्यायालयाला तो दावा चालवण्याचा अधिकार आहे.

दुसरे तत्त्व प्रतिफलाचे आहे: वचनाच्या बदल्यात काहीतरी दिले, केले किंवा सोडले गेले पाहिजे, कारण निव्वळ फुकटचे वचन न्यायालय सहसा अमलात आणत नाही. हे प्रतिफल पुरेसे आहे की नाही, याची तोलणी न्यायालय करत नाही. मात्र ते अगदीच तुटपुंजे असेल तर संमती खरोखर मोकळ्या मनाने दिली होती का, हे ठरवताना त्याचा विचार करता येतो, असे कलम 25 चे स्पष्टीकरण सांगते. कराराचा सारा डोलारा ज्या मोकळ्या संमतीवर उभा आहे, तिचा प्रश्न याच दाराने आत येतो.

या प्रश्नाची सर्वांत कठोर परीक्षा पुणे आणि नगर जिल्ह्यांतच झाली. करार कायदा लागू होऊन तीन वर्षेही उलटली नव्हती तोच 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खते, म्हणजे कर्जरोखे, जाळली आणि काही आठवड्यांतच हा भडका नगर जिल्ह्यातील श्रीगोंदे, पारनेर या भागांत पोहोचला. सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्या पेट्यांतील कागदांवर शेतकऱ्यांचा रोख होता आणि त्याला कारण होते. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने कर्जवसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातल्यामुळे मुदत संपत आली की सावकार जुने खत फाडून नवे लिहून घेई, त्यात थकलेले व्याज मुद्दल म्हणून धरले जाई आणि कुणबी त्यावर अंगठा उठवी. न्यायालयाच्या दृष्टीने प्रस्ताव, स्वीकार, प्रतिफल यांपैकी काहीही कमी नसे, त्यामुळे हुकूमनामा सावकाराच्या बाजूने निघे. कर्त्या माणसांनी राजीखुशीने केलेला करार पाळलाच पाहिजे, हे तत्त्व मुळात चुकीचे नव्हते. पण वाचता न येणाऱ्या आणि दुसरा धनको नसलेल्या माणसाचा अंगठा म्हणजे राजीखुशी, हे गृहीतक मात्र चुकीचे होते.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 साली दख्खन शेतकरी मदत कायदा केला, जो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. त्यानुसार न्यायाधीशावर खताच्या मागे जाऊन व्यवहार सुरू झाल्यापासूनचा हिशोब उलगडण्याचे, मुद्दल आणि व्याज वेगळे मांडण्याचे बंधन आले, आणि शेतकऱ्याची खते गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहिली जाऊ लागली. करारस्वातंत्र्याच्या ऐन भरात, इंग्रजी राज्यानेच सही हा संमतीचा अखेरचा पुरावा नव्हे असे मान्य करावे, ही नगर जिल्ह्याच्या इतिहासातील फार मोठी गोष्ट आहे. पुढे 1899 मध्ये करार कायद्याचे कलम 16 नव्याने लिहिले गेले: एक पक्ष दुसऱ्यावर वर्चस्व गाजवण्याच्या स्थितीत असेल आणि व्यवहार उघडउघड अन्यायाचा दिसत असेल, तर त्यात अनुचित प्रभाव नव्हता हे सिद्ध करण्याचा भार वर्चस्व असलेल्या पक्षावर पडतो.

आजच्या ऊस उत्पादकाला कायद्याचे संरक्षण पुष्कळ आहे. रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, केंद्र सरकार ठरवते आणि 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे न दिल्यास 15 टक्के व्याज द्यावे लागते. किमान दर कायद्याने बांधला गेल्यावर हा करार उरतो काय, अशी शंका येणे साहजिक आहे. आंध्र प्रदेशातील साखर कारखान्यांच्या अशाच एका खटल्यात, शेतकऱ्याने देऊ केलेला ऊस घेणे कारखान्यांवर कायद्याने बंधनकारक असूनही, सर्वोच्च न्यायालयाने ती विक्री करारच आहे असे म्हटले, कारण कायद्याची सक्ती म्हणजे करार कायद्यातली बळजबरी नव्हे.

तोच ऊस तोडणाऱ्या जोडप्याकडे, म्हणजे टोळीतील एका ‘कोयत्या’कडे, वळल्यावर चित्र पालटते. सर्वसाधारण पद्धतीत कारखाना किंवा त्याची तोडणी-वाहतूक संस्था वाहतूकदाराशी लेखी ठराव करते, वाहतूकदार मुकादमाला पैसे देतो आणि मुकादम पावसाळ्याच्या अडचणीच्या दिवसांत मजुराला उचल देतो. मजूर त्या लेखी ठरावाचा पक्षकारच नसतो आणि करारातील हक्क बजावण्याचा अधिकार केवळ पक्षकारांनाच, हे कॉमन लॉचे तत्त्व त्याच्या आड येते. हंगाम संपून उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर ओढली जाते, तिचा हिशोब मुकादमाच्या वहीत असतो आणि मजुराच्या हाती क्वचितच काही कागद असतो. ओढलेल्या बाकीची ही रीत दीडशे वर्षांपूर्वीच्या खत बदलून घेण्याच्या रीतीशी चिंताजनक रीतीने मिळतीजुळती आहे.

उचल घेऊन कामावर न येणाऱ्या कामगाराला 1859 च्याच दुसऱ्या एका कायद्याखाली तुरुंगात टाकता येत असे. 1925 मध्ये तो रद्द करण्याचे ठरले. आज मजुराला काम करायला भाग पाडणारा हुकूम कोणतेही न्यायालय देत नाही, कारण व्यक्तिगत श्रमाचा करार मोडल्यास फार तर पैशाची भरपाई मागता येते. कर्जापोटी माणसाला कामाला जखडून ठेवणे 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे, आणि पोटाच्या गरजेपोटी किमान वेतनाहून कमी मजुरीत केलेले कामही सक्तीचे श्रमच, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये ठरवले आहे. प्रत्येक उचल वेठबिगारी नसते, हे खरे. परंतु ती तशी आहे की नाही, हे वही उघडल्याशिवाय कळत नाही. व्यवहाराच्या पहिल्या दिवसापासूनचा हिशोब मांडायला लावणारा 1879 चा कायदा आता अस्तित्वात नाही, आणि मुकादमाच्या वहीला लागू होईल असा त्याच्या तोडीचा नियम अद्याप झालेला नाही. तो व्हायला हवा, आणि त्याची पहिली मागणी याच जिल्ह्यातून यावी, इतका या प्रश्नाशी या मातीचा जुना संबंध आहे.