दिवा हिरवा, पण दार बंद!

प्रॅक्टिकलला अर्धा तास उरलाय. लॅबमधल्या पीसीला केबल लावली, मागचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला आणि तरी ब्राउझर म्हणतोय, इंटरनेट नाही. मग सुरू होते आपली ठरलेली कवायत. केबल काढ, परत लाव. पीसी रीस्टार्ट कर. शेजारच्याची केबल ओढून बघ. तेवढ्यात ग्रुपमधला एक ज्ञानी निकाल देऊन टाकतो, ‘अरे, स्विचच गेलाय!’

मित्रांनो, जरा थांबा. अशा वेळी स्विच बहुधा ठणठणीत असतो. तो त्याला नेमून दिलेलं काम करत असतो, म्हणजे अनोळखी मशीनला आत न घेणं. अशोक चौकापासून केगावपर्यंत कुठल्याही कॉलेजात, बँकेत किंवा एमआयडीसीतल्या ऑफिसात तुम्ही उद्या नेटवर्कचं काम करायला गेलात, तर हा प्रकार कधी ना कधी समोर येणारच. तेव्हा तो नीट समजून घेऊ.

टीसी, चार्ट आणि तुम्ही

रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडायला तुम्ही स्टेशनवर पोहोचलात. प्लॅटफॉर्मवर पाय ठेवला म्हणजे बर्थ मिळाला असं होत नाही. डब्यात टीसी येतो, नाव विचारतो, ओळखपत्र बघतो आणि चार्टशी ताडून पाहतो. चार्ट त्याने बनवलेला नसतो. तो फक्त त्यावरून ‘बसा’ किंवा ‘उतरा’ सांगतो.

वायरच्या नेटवर्कवरही असंच असतं. इथं प्रवासी म्हणजे तुमचा पीसी, त्याला सप्लिकंट म्हणतात. टीसी म्हणजे स्विच. आणि चार्ट असतो रेडियस नावाच्या सर्व्हरकडे. या तिघांनी कसं बोलायचं, याचा नियम म्हणजे ८०२.१एक्स हे स्टँडर्ड. ते पहिल्यांदा २००१मध्ये आलं. हिरवा दिवा एवढंच सांगतो की केबल जोडली गेली आहे. ओळख पटेपर्यंत त्या पोर्टमधून फक्त ओळखपरेडीचे निरोप जातात, बाकी सगळं अडवलं जातं. पत्ता वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरपर्यंतही पीसीची हाक पोहोचत नाही. म्हणून विंडोज कंटाळून स्वतःच १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतं. तो दिसला की पोर्ट बंद असल्याची शंका घ्या.

‘नाही’ आणि ‘गप्प’ यात फरक

आता मुद्द्याची गोष्ट. ऑथेंटिकेशन फेल झालं म्हणजे नक्की काय झालं? यात दोन प्रकार असतात. ते वेगळे ओळखता आले की अर्धं काम झालं.

पहिला प्रकार: सर्व्हरने स्पष्ट ‘नाही’ म्हटलं, म्हणजे रिजेक्ट पाठवला. ही खरं तर चांगली बातमी. तुमचा निरोप स्विचमधून सर्व्हरपर्यंत गेला आणि उत्तरही आलं. मधला रस्ता ठीक आहे. आता कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये शोधायचं. विंडोजचा एनपीएस सर्व्हर असेल तर सिक्युरिटी लॉगमध्ये इव्हेंट ६२७३ बघा. प्रवेश नाकारल्याची ती नोंद, आणि तिच्यात कारणही लिहिलेलं असतं. पासवर्ड चुकलाय, अकाउंट बंद आहे, की हा माणूस कुठल्याच नियमात बसत नाही, ते तिथं कळतं.

दुसरा प्रकार: सर्व्हर गप्प. स्विच विचारतोय, विचारतोय आणि शेवटी टाइमआउट. इथं पासवर्ड तपासत बसलात तर दिवस वाया जाईल. स्विच आणि सर्व्हर यांच्यामधला रस्ता बघा. सर्व्हर पिंगला उत्तर देतो का? फायरवॉलमध्ये यूडीपी १८१२ हा पोर्ट उघडा आहे का? जुन्या सेटिंगमध्ये १६४५ राहिलाय का? सर्व्हरच्या यादीत या स्विचचा आयपी पत्ता आहे का? आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे शेअर्ड सीक्रेट. स्विच आणि सर्व्हर यांच्यात ठरलेला हा परवलीचा शब्द. तो एका अक्षराने जरी चुकला तरी सर्व्हर ‘शब्द चुकला’ असं उलट कळवत नाही, निरोप सरळ टाकून देतो. स्विचला वाटतं सर्व्हर बंद पडलाय. सर्व्हर तर मजेत चालू असतो!

म्हणून केबलला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारा: सर्व्हरने नकार दिलाय, की सर्व्हरपर्यंत काही पोहोचलंच नाही?

तिघांपैकी कोण अडलंय?

पीसीपासून सुरुवात करा. विंडोजमध्ये ‘वायर्ड ऑटोकॉन्फिग’ नावाची सर्व्हिस असते. ती आपोआप सुरू होत नाही. वायफायची तशीच सर्व्हिस मात्र सुरू असते. त्यामुळे वायफाय चालतं, केबल चालत नाही आणि आपण केबलला शिव्या देतो. ही सर्व्हिस बंद असेल तर इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘ऑथेंटिकेशन’चा टॅबसुद्धा दिसत नाही.

मग घड्याळ बघा. हसू नका! जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला की लाइट जाऊन आल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते. सर्टिफिकेटला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. पीसीच्या मते ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नाही, त्यामुळे तो सर्व्हरवर विश्वास ठेवत नाही. आणि एकाच वेळी सगळ्या लॅबचं नेट गेलं असेल, तर उलटी शक्यता तपासा. सर्व्हरच्या सर्टिफिकेटची मुदत तर संपली नाही ना?

पुढे स्विच. त्या पोर्टची स्थिती दाखवणारी कमांड द्या आणि पोर्टवर किती मशीन दिसताहेत ते बघा. एका पॉइंटवर दोन पीसी चालवायचे म्हणून कुणीतरी बाजारातून साधा पाच पोर्टचा स्विच आणून मध्ये लावलेला असतो. त्यातले काही स्विच ओळखपरेडीचे निरोप पुढे पाठवतच नाहीत. आणि एका पोर्टवर एकच मशीन अशी अट असेल, तर दुसरं मशीन दिसताच मोठा स्विच अख्खा पोर्ट बंद करू शकतो.

प्रिंटरची गोष्ट वेगळी. साध्या प्रिंटरला यूजरनेम-पासवर्ड सांगता येत नाही, म्हणून त्याला मॅक पत्त्यावरून ओळखतात. इथं दोन खड्डे आहेत. एक, तोच पत्ता कुणी कोलन घालून लिहितं, कुणी डॅश, कुणी सलग. स्विच पाठवतो तसा सर्व्हरवर नोंदवला नाही तर ओळख पटत नाही. दुसरा, वाट बघणं. सिस्कोच्या स्विचवर मूळ सेटिंग असेल तर तो ३० सेकंदांच्या अंतराने तीनदा विचारतो आणि मगच मॅक पत्त्याकडे वळतो. म्हणजे दीड मिनिट गेलं. तोवर प्रिंटरने आयपी पत्ता मागणं सोडून दिलेलं असू शकतं. पोर्ट उघडतो, प्रिंटर मात्र झोपलेला.

आणि लॉगमध्ये ‘यशस्वी’ दिसूनही नेट नसेल तर? मग ओळख पटली, पण बर्थ चुकला. सर्व्हरने सांगितलेला व्हीलॅन त्या स्विचवर बनवलेलाच नसेल, तर टीसीला नसलेल्या डब्याचा नंबर मिळाल्यासारखं होतं.

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात महाग उपाय

एवढं सगळं कोण बघत बसणार? परीक्षा तोंडावर आहे, सर ओरडताहेत. स्विचवर एका ओळीची कमांड दिली की तो पोर्ट कायमचा उघडा होतो. ओळख नाही, चार्ट नाही. नेट सुरू, टाळ्या! आणि नंतर ती ओळ काढायचं कुणाच्याच लक्षात राहत नाही. त्या पोर्टला कुणीही, कुठलाही लॅपटॉप लावू शकतो.

हे मोठ्या ठिकाणी किती महागात पडू शकतं? फेब्रुवारी २०१६मध्ये बांगलादेश बँकेच्या खात्यातून चोरांनी ८ कोटी १० लाख डॉलर पळवले. तिथं फायरवॉल नव्हती आणि नेटवर्कला दहा-दहा डॉलरचे जुने, साधे स्विच होते, त्यामुळे चोरांनी नेमकं काय केलं हे शोधणंही अवघड झालं, असं तपास अधिकाऱ्याने रॉयटर्स या वृत्तसंस्थेला सांगितलं होतं. त्या चोरीला बाकीही कारणं होती. पण कोण कुठून आत आलं हे सांगू न शकणारं नेटवर्क किती लंगडं असतं, ते इथं दिसतं.

पोर्ट उघडावाच लागला तर निदान तीन गोष्टी करा. फक्त तेवढाच पोर्ट उघडा. नंबर, वेळ आणि कारण लिहून ठेवा. संध्याकाळी परत बंद करा. आणि हे सगळं लॅब सांभाळणाऱ्या सरांना किंवा मॅडमना विचारून करा. कॉलेजच्या स्विचवर स्वतःच्या मनाने प्रयोग नकोत.

प्रयोग करायला घरचा लॅपटॉप आहेच. लिनक्सवर फ्रीरेडियस टाका, फुकट मिळतं. ते डीबग मोडमध्ये सुरू केलं की प्रत्येक निरोप स्क्रीनवर उलगडताना दिसतो. एक यूजर बनवा आणि त्यासोबत येणाऱ्या ‘रेडटेस्ट’ने तपासा. चाललं? मग आता मुद्दाम बिघडवा. आधी पासवर्ड चुकवा, रिजेक्ट येईल. मग सर्व्हरच बंद करून विचारा, शांतता मिळेल. मग सर्व्हर सुरू करून शेअर्ड सीक्रेट चुकवा आणि लॉग काय बोलतो ते वाचा. तिन्ही वेळा तुमच्या बाजूला काय दिसलं आणि सर्व्हरच्या बाजूला काय दिसलं, ते वहीत शेजारी शेजारी लिहा. पुण्यात इंटरव्ह्यूला बसाल आणि समोरचा विचारेल, ‘यूजर म्हणतोय केबल लावली तरी नेट नाही, तू काय करशील?’ तेव्हा वहीतलं ते एक पान आठवलं तरी पुरेल.