खर्चाचा आकडा

1976 साली अमेरिकेत जॉन बोगल यांनी शेअरबाजाराच्या निर्देशांकामागून मुकाट चालणारा फंड सर्वसामान्यांस खुला केला, तेव्हा ‘बोगलचा मूर्खपणा’ म्हणून त्याची थट्टा झाली. थट्टा विरली; हिशेब उरला. एक लाख रुपये दरसाल 10 टक्के दराने 30 वर्षे वाढले असे धरू. त्यातून दरवर्षी 2 टक्के खर्च कापला गेल्यास हाती सुमारे 10 लाख येतात, 0.2 टक्के कापला गेल्यास साडेसोळा लाख. कारकुनाच्या वा शिक्षकाच्या उतारवयाचा आधार या फरकात आहे. आपल्याकडेही निफ्टीचे असे फंड महिना पाचशे रुपयांत घेता येतात. बाजार पडला की तेही पडतात, हे विसरू नये. परंतु खर्च बाजार चढो वा पडो, कापला जातोच. तेव्हा परताव्याच्या जाहिरातीआधी खर्चाचा आकडा वाचावा, एवढेच आमचे सांगणे आहे.