दोन नद्यांच्या बेचक्यातली नगरपालिका

मुंबई-गोवा महामार्गाने जाणाऱ्याला आता राजापूर धड दिसतही नाही. नव्या उंच पुलावरून गाडी अर्जुना नदी ओलांडते. डाव्या-उजव्या हाताला खाली झाडीत काही कौलं, काही स्लॅब दिसतात, आणि चहा घ्यावा की नाही हे ठरेपर्यंत गाव मागे पडलेलं असतं. गाव बघायचं तर महामार्ग सोडून खाली उतरावं लागतं. राजापूर खालीच आहे. सह्याद्रीकडून येणारी अर्जुना आणि तिला मिळणारी कोदवली, या दोघींच्या बेचक्यात ते बसलं आहे. अरुंद गल्ल्या, चढ-उतार, जांभ्या दगडाच्या भिंती. बाजारपेठ तर अगदी तळाला, नदीच्या कुशीत.

एवढ्या खाली बाजार कोणी वसवला, असा प्रश्न नवख्याला पडतो. उत्तर सोपं आहे: गलबतं तिथपर्यंत येत होती. समुद्र इथून वीसेक किलोमीटरवर, जैतापूरच्या तोंडाशी. पण भरतीचं पाणी खाडीतून थेट गावापर्यंत चढायचं. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून अणुस्कुरा घाटाने उतरायचा आणि धक्क्याला लागलेल्या गलबतांत चढायचा. मिरी आणि वेलदोड्याच्या ओढीने इंग्रजांनी 1649च्या सुमारास इथे वखार घातली. त्याच वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन 1660मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरच्या मदतीला तोफा घेऊन गेला आणि पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूर घेऊन त्याला साथीदारांसह कैदेत टाकलं. हा इतिहास शाळेच्या पुस्तकात आहे, त्यामुळे इथे एवढा पुरे. आपला विषय नगरपालिका आहे.

कागदोपत्री ही 'नगर परिषद', क वर्ग. गावात मात्र सगळे नगरपालिकाच म्हणतात. ती 1870च्या दशकातली, म्हणजे राज्यातल्या जुन्या नगरपालिकांपैकी. 1901च्या जनगणनेत इथे पाच हजारांवर लोक होते. शंभर वर्षांनी, 2001मध्ये, ते साडेदहा हजारांच्या घरात गेले आणि 2011मध्ये पुन्हा दहा हजारांच्या खाली आले. कोकणातल्या कुठल्याही घरात विचारा, याचं कारण कळेल: एक मुलगा मुंबईत, दुसरा पुण्यात, आणि घर गणपतीत उघडतं. 1965च्या अधिनियमाच्या आजच्या निकषाने नगर परिषदेसाठी किमान पंचवीस हजार लोकवस्ती लागते. म्हणजे आज नव्याने अर्ज केला, तर राजापूरला ती मिळणार नाही. ही नगरपालिका वारशाने टिकली आहे, वाड्यातल्या जुन्या झोपाळ्यासारखी: नवा कोणी करणार नाही, पण आहे तो काढवतही नाही.

तिच्या कर्तबगारीतलं सर्वांत मोठं काम जवळजवळ तिच्या जन्माबरोबरचं आहे. गावाच्या वर, साधारण तीन मैलांवर, कोदवली नदी अडवून धरण बांधलं गेलं. पैसा तिघांनी घातला: लोकांनी वर्गणी काढली, नगरपालिकेने तिजोरी उघडली, सरकारने अनुदान दिलं. जुन्या गॅझेटियरने या तिघांची आठवणीने नोंद ठेवली. लोकांच्या जिभेवर मात्र तिघांपैकी एकच उरला. धरणाचं नाव पडलं 'सायबाचं धरण'. वर्गणी देणाऱ्यांचं नाव धरणाला लागत नाही, हा नियम तेव्हापासूनचा दिसतो.

पण धरण हुशारीने बांधलेलं आहे. ते उंचावर आहे आणि गाव खाली, त्यामुळे पाणी नळातून आपसूक उतरतं. पंप नाही, मोटर नाही, विजेचं बिल नाही. पाणीपट्टीतून पाणीयोजनेचं बिल भागत नाही म्हणून लहान नगरपालिका कशा मेटाकुटीला येतात, हे ज्याने पाहिलं आहे त्यालाच या उताराची किंमत कळेल. अडचण एकच, आणि तीच या गावाची मूळ अडचण: गाळ. सव्वाशेहून अधिक पावसाळ्यांनी डोंगराची माती धरणात आणून टाकली. जागा मातीने भरली की पाणी साठणार कुठे? म्हणून एप्रिल-मे आला की शीळ गावच्या जॅकवेलवरून पंपाने पाणी उचलायचं आणि एक दिवसाआड सोडायचं, अशी कसरत सुरू होते. साडेतीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात मे महिन्यात हंड्यांची रांग! कोकणाबाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो.

गाळाने आधी बंदर घेतलं होतं. एकोणिसाव्या शतकात अरबी गलबतं अजून थेट राजापूरशी व्यापार करत होती, पण मोठं जहाज जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैलांच्या आत येऊ शकत नव्हतं. पुढे तेही थांबलं. बंदरधक्का हे नाव आता फक्त पत्त्यात उरलं आहे. मधल्या काळात रेल्वे आली, पण राजापूर रोड स्टेशन गावापासून लांब. महामार्ग आला, तोही डोक्यावरून गेला. बाजार मात्र गलबतांची वाट बघत असल्यासारखा तळालाच थांबला.

गलबतं येत नाहीत, नदी येते. घाटात दोन-तीन दिवस सलग पाऊस झाला की अर्जुना फुगते. खालून खाडीची भरती चढलेली असेल तर तिला पुढे सरकायला वाव नसतो. मग ती कोदवलीला तोंडाशीच अडवते, आणि कोदवली सरळ पेठेत शिरते. पात्रात गाळाची बेटं असल्याने आधीच जागा कमी. नगरपालिकेचा भोंगा होतो. जवाहर चौकातले दुकानदार माल वरच्या फळीवर, मग माळ्यावर, मग ओळखीच्या घरी हलवतात. यात आरडाओरड फारशी नसते. पिढ्यान्पिढ्यांची सवय आहे. 'पाणी भरलं का?' असा प्रश्न इथे 'जेवण झालं का?' इतका साधा आहे. शीळकडचा रस्ता बुडाला की पाणी कुठवर येणार याचा अंदाज बांधतात. एका पावसाळ्यात असं तीन-चारदा झालं, तर ते वर्ष वाईट म्हणून लक्षात राहीलच असंही नाही. जुलै 2021मध्ये साऱ्या देशाने चिपळूण आणि महाडचा पूर पाहिला. राजापूरचं पाणी जिल्ह्याच्या पानावरच ओसरलं.

तालुक्याचं नाव मोठ्या बातम्यांत येतं ते वेगळ्या कारणांनी: जैतापूरची नियोजित अणुभट्टी, नाणारची बारगळलेली रिफायनरी, बारसूचा सडा आणि तिथली कातळशिल्पं. लाखो कोटींचे आकडे. त्या आकड्यांशेजारी नगरपालिकेची सभा बघावी. तिथे बहुतेक वेळा विषय असतो गाळ कोणी काढायचा. नदी पाटबंधाऱ्यांची की महसुलाची, मशीन कोणाचं, डिझेल कोणाचं, आणि काढलेला गाळ टाकायचा कुठे? काठावरच ढीग घातला तर पहिल्या पावसाला तो आल्या वाटेने परत. मला ही सभा त्या आकड्यांपेक्षा खरी वाटते. मध्यंतरी राज्यभर निवडणुका रखडल्या तेव्हा सभाच नव्हत्या, प्रशासक होते. गाळ मात्र कोणाच्या मुदतीसाठी थांबला नाही.

शेजारच्या उन्हाळे गावच्या डोंगरावर आणखी एक पाणी आहे, लहरी. राजापूरची गंगा. चौदा कुंडं कोरडी पडलेली असतात आणि दोन-तीन वर्षांनी, कधी त्याआधीच, एकाएकी भरून वाहू लागतात. मोरोपंतांनी तिच्यावर काव्य लिहिलं. ती येते हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीत. तिच्या भक्तांच्या गाड्या मात्र राजापूरच्या गल्ल्यांत अडकतात. त्या दिवसांत पेठेला थोडी कमाई होते, हेही खरं.

पूर ओसरल्यावरचा दिवस बघण्यासारखा असतो. पेठेत घोटाभर तांबडा चिखल, शटरांवर पाण्याची रेघ, ओल्या पोत्यांचा वास. वीज बहुतेकदा गेलेली असते, पंप बंद. पण सायबाच्या धरणाचं पाणी विजेची वाट बघत नाही. ते उतारावरून येतच राहतं. दुकानदार नळाला पाइप जोडतात आणि फरशी धुवायला घेतात. कोदवलीचा चिखल कोदवलीच्याच पाण्याने गटारात जातो, आणि गटार संध्याकाळपर्यंत कोदवलीत.