पथछायाचित्रण : उगम, प्रकार आणि आरंभ

लुई दागेर यांनी १८३८ साली पॅरिसमधील ‘बूलव्हार द्यु तांप्ल’ या रुंद रस्त्याचे वरच्या खिडकीतून एक प्रकाशचित्र घेतले. वेळ सकाळची आणि रस्ता वर्दळीचा; घोडागाड्या, फेरीवाले, पादचारी यांची ये-जा सुरू असणारच. तरीही चित्रात रस्ता ओस पडलेला दिसतो. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रतिमा उमटायला त्या काळी काही मिनिटे लागत. तेवढ्या अवधीत जे जे हलले, ते ते पुसले गेले. पदपथावर मात्र एक माणूस एक पाय वर टेकवून उभा आहे. तो बुटांना पॉलिश करून घेत होता, म्हणून जागचा हलला नाही आणि म्हणूनच चित्रात राहिला. छायाचित्रात सापडलेली पहिली ज्ञात व्यक्ती म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. त्याच्या पायाशी वाकलेल्या पॉलिशवाल्याची आकृती धूसर आहे. हात चालू होते ना त्याचे!

रस्ता, अनोळखी माणूस आणि काळ हे या कलेचे तिन्ही घटक त्या एका पत्र्यावर आधीच हजर होते. सार्वजनिक जागी, कोणतीही मांडणी न करता, समोर चाललेल्या नित्याच्या व्यवहाराचे चित्र घेणे म्हणजे पथछायाचित्रण. व्यवहारात त्याला सर्रास स्ट्रीट फोटोग्राफी असेच म्हणतात. मंडई, एसटी स्थानक, लोकलचा डबा, नदीचा घाट, जत्रा हे सारे पथातच जमा. माणूस चित्रात असलाच पाहिजे असाही नियम नाही. बंद दुकानाच्या पायरीवर राहिलेल्या चपला पुरेशा बोलक्या असतात. वृत्तछायाचित्रणाला घटनेचे निमित्त लागते, व्यक्तिचित्रणाला समोरच्याचे सहकार्य लागते. इथे दोन्हींची अट नाही, आणि नवख्याला अवघड वाटते ते नेमके हेच.

या कलेचा इतिहास मुख्यतः कॅमेऱ्याच्या वजनाचा इतिहास आहे. युजीन आत्जे यांनी १९२७ मध्ये मृत्यू येईपर्यंत पॅरिसच्या जुन्या गल्ल्या, दुकाने, अंगणे चित्रित केली. पण अवजड लाकडी कॅमेरा व तिपाई घेऊन पळत्या माणसाला गाठणे त्यांना शक्य नव्हते. जॉर्ज ईस्टमन यांच्या कोडॅक कॅमेऱ्याने १८८८ पासून छायाचित्रण हौशी लोकांच्या हाती दिले. खरा पालट झाला तो जर्मनीतील लायका या कॅमेऱ्याने. लाइट्झ कंपनीतील ओस्कर बार्नाक यांनी चलच्चित्रपटाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म स्थिर चित्रांसाठी वापरली, चौकट २४ × ३६ मिलिमीटरची ठरवली, आणि १९२५ च्या लाइपझिगच्या मेळ्यात हा हातात मावणारा कॅमेरा लोकांपुढे आला. कोटाच्या खिशात छत्तीस चित्रांची सोय झाली.

आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचे नाव या कॅमेऱ्याशी कायमचे जोडले गेले आहे. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीला ‘निर्णायक क्षण’ या अर्थाचे शीर्षक मिळाले आणि तो शब्दप्रयोग जगभर रूढ झाला. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याने नवशिक्यांचे थोडे नुकसानही केले, कारण क्षणामागे धावावे लागते असा त्यांचा समज होतो. कार्तिए-ब्रेसाँ यांचे १९३२ चे सर्वांत प्रसिद्ध चित्र पाहावे. सँ-लाझार स्थानकामागे साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी घेतो आहे आणि टाच पाण्याला टेकण्यापूर्वीच चित्र झाले आहे. छायाचित्रकार मात्र धावत नव्हता. तो कुंपणाच्या फळ्यांमधील फटीला भिंग लावून उभा होता. धावत होता तो दुसराच.

मुंबईत छायाचित्रणाची विद्या फार लवकर पोहोचली. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ ची. एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचे वर्ग पुढच्याच वर्षी निघाले. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पिढीतील नामवंत छायाचित्रकार. त्या काळी निरनिराळ्या जातीजमातींची आणि व्यावसायिकांची चित्रे घेतली जात, पण ती समोर बसवून. पथछायाचित्रणाची ती पूर्वतयारी म्हणता येईल. विसाव्या शतकात होमाई व्यारावाला यांनी जे. जे. कलाशाळेच्या दिवसांपासून मुंबईचे दैनंदिन जीवन टिपले. पुढे रघुबीर सिंग यांनी ते रंगांत मांडले, सूनी तारापोरवाला यांनी अनेक दशके आपल्याच शहराची चित्रे घेतली, आणि केतकी शेठ यांचे मुंबईच्या रस्त्यांवरील ‘बॉम्बे मिक्स’ हे पुस्तक २००७ मध्ये आले.

या सर्वांत एका चित्रापाशी थोडे थांबणे भाग आहे. रघू राय यांनी १९९५ मध्ये चर्चगेट स्थानकावर घेतलेले ते चित्र. फलाटावर गर्दी लोटली आहे, पण झडप, म्हणजे शटर, इतका वेळ उघडी ठेवली आहे की चालणारी माणसे धुरासारखी विरघळली आहेत. त्या लोंढ्यात वर्तमानपत्र वाचणारी काही मंडळी मात्र स्वच्छ, रेखीव दिसतात. का, तर ती हलली नाहीत. पॅरिसच्या चित्रात घडले तेच पुन्हा घडले आहे. फरक एवढाच, की दागेर यांच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता आणि राय यांनी हाच मार्ग जाणून निवडला.

प्रकार पाहू जाता दोन कसोट्या उपयोगी पडतात. पहिली संमतीची. वॉकर एव्हन्स यांनी १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाआड कॅमेरा लपवून प्रवाशांची चित्रे घेतली, पण पुस्तकरूपाने ती १९६६ पर्यंत बाहेर काढली नाहीत. त्यांना स्वतःलाही तो प्रकार फारसा सरळ वाटला नसावा. लपून घेतलेले, उघडपणे पण न विचारता घेतलेले, आणि नजरेने का होईना विचारून घेतलेले असे हे तीन प्रकार. दुसरी कसोटी चालण्याची : भटकंती करून चित्र शोधणे, किंवा चांगला उजेड व पार्श्वभूमी पाहून तिथे बैठक मारणे. आरंभ करणाऱ्याने निःसंशय बैठक निवडावी.

साधनांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा २४ ते २८ मिलिमीटर केंद्रांतराच्या भिंगाइतकेच दृश्य दाखवतो, आणि रस्त्यासाठी ते योग्यच आहे. दूरदर्शी भिंग लावून पलीकडच्या पदपथावरून चित्रे ओढण्याचा मोह टाळावा. त्यात माणूस जवळ दिसतो, पण आपण तिथे नव्हतो हेही दिसते. स्वतंत्र कॅमेरा असल्यास क्षेत्र-केंद्रीकरण जरूर शिकावे. २८ मिलिमीटरच्या भिंगाचे छिद्रमान ८ ठेवून केंद्र अडीच मीटरवर बांधले, तर पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यात साधारण १.४ मीटरपासून १० मीटरपर्यंतचे सारे रेखीव येते. मग केंद्र जुळवण्यात वेळ जात नाही; फक्त अडीच मीटर म्हणजे किती, हे पायांना कळले पाहिजे. चालता माणूस गोठवायला सेकंदाचा अडीचशेवा भाग पुरतो. चर्चगेटसारखा प्रवाह हवा असेल, तर कॅमेरा घट्ट टेकवून अर्ध्या सेकंदाच्या आसपास प्रयोग करून पाहावेत. उन्हात संवेदनक्षमता ४०० पुरे; भुलेश्वरच्या अरुंद गल्लीत ती १६०० पर्यंत न्यावी लागते.

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत प्रस्तुत लेखकाने पहिले धडे गिरवले. सकाळी सातच्या सुमारास एका भाजीवाल्या मावशींच्या गाळ्यावर उन्हाचा तिरपा पट्टा येई. त्या ओल्या गोणपाटावर कोथिंबिरीच्या जुड्या रचत आणि तांब्यात बोटे बुडवून पाणी शिंपडत. तेवढ्यापुरते थेंब उजळून जात. तीन दिवस दुरूनच चोरट्यासारखी चित्रे घेतली, सगळी वाया. चौथ्या दिवशी त्या वर न पाहताच म्हणाल्या, “अहो दादा, काढायचा तर काढा की फोटू, पण बाजूला उभं राहून. गिऱ्हाईक अडतंय.” बाजूला सरकल्यावर ऊन पाठीमागून आले आणि शिंपडलेले पाणी प्रथमच चित्रात दिसले. जुडी अर्थातच विकत घ्यावी लागली.

कायद्याची बाजूही जाणून घ्यावी. सार्वजनिक जागी छायाचित्र घेण्यास भारतात सरसकट मनाई नाही. मात्र संरक्षणविषयक व अन्य प्रतिबंधित ठिकाणांना १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम लागू होतो, आणि रेल्वे, मेट्रो, मंदिरे, वस्तुसंग्रहालये यांचे आपापले नियम असतात. एखादी स्त्री खासगी कृतीत असताना तिचे चोरून चित्र घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. कायद्याने चालत असले तरी रडणारा, आजारी, झोपलेला वा नशेत पडलेला माणूस सोडून द्यावा. लहान मुलाचे चित्र घेण्यापूर्वी सोबतच्या मोठ्यांना विचारावे. कोणी ‘पुसा’ म्हटले, तर त्याच्यासमोर पुसावे. वाद घालू नये.

घेतलेल्या चित्रांची छाननी हे निम्मे काम होय, आणि तेच बहुधा राहून जाते. गॅरी विनोग्रँड हे अमेरिकी छायाचित्रकार १९८४ मध्ये वारले, तेव्हा सुमारे अडीच हजार फिल्म न धुता पडून होत्या. व्हिव्हियन मायर या शिकागोत मुले सांभाळण्याचे काम करत. त्यांनी लाखाहून अधिक चित्रे घेतली, पण ती उजेडात आली २००७ च्या एका लिलावामुळे, त्यांच्या अखेरच्या दिवसांत. आठवड्याला एकच चित्र निवडून ते छापून घेण्याची सवय लावली, तर वर्षाकाठी बावन्न चित्रे राहतात आणि ती पुष्कळ झाली.

या चित्रांचा उपयोग बहुतेकदा घेणाऱ्याच्या हेतूबाहेरचा असतो. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. ती कशी भरत होती, कंडक्टर कुठे उभा राहत होता, दुकानांच्या पाट्यांवर अक्षर कसे होते, हे आज कळते ते कुणीतरी सहज घेतलेल्या चित्रांवरून. अभ्यासकाला तिथे सौंदर्यापेक्षा पाटी, पेहराव आणि भावफलक अधिक मोलाचे वाटतात. परंतु ठिकाण आणि तारीख नसली, की असे चित्र निम्मे मुके होते. म्हणून प्रत्येक छापील प्रतीमागे पेन्सिलीने गल्ली, दिनांक आणि वेळ लिहावी, आणि माणसाने आपण होऊन सांगितले असेल तर त्याचे नावही. पॅरिसच्या त्या दोघांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.