मायनस एकोणतीस

गोंदिया जिल्ह्याच्या गोरेगाव तालुक्यातलं एक गाव, रात्रीचे साडेनऊ. स्लॅबवर पाण्याच्या टाकीला पाठ टेकून एकवीस वर्षांचा एक मुलगा बसला आहे. इथेच बसण्याचं कारण सरळ आहे. खाली घरात नेटवर्कच्या दोन कांड्या येतात, टाकीजवळ तीन. फोन आडवा धरलेला, दोन्ही अंगठे काचेवर. विमानातून उडी मारून चारच मिनिटं झाली आहेत. कुठल्याशा घराच्या जिन्यात पावलं वाजतात, तो वळेपर्यंत खेळ आटोपलेला असतो. क्षणभराने आकडा उगवतो: वजा एकोणतीस.

"संध्याकाळपासून जमवलेलं एका मॅचमध्ये गेलं," तो टाकीला सांगितल्यासारखं म्हणतो. चिडलेला आहे, हे आवाजावरून कळतं. अंगठा मात्र तोवर 'स्टार्ट'वर जाऊन आलेला असतो.

खेळाचं नाव 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया', बोलण्यात बीजीएमआय. आठ किलोमीटर लांब आणि तेवढंच रुंद 'एरँगल' नावाचं बेट, त्यावर उतरणारे शंभर जण, आणि शेवटपर्यंत टिकणारा एक जण किंवा एक स्क्वाड. पुरी मॅच खेळली तर अर्धा तास जातो. एवढंच असतं तर हा लपंडावाचा थरारक प्रकार म्हणून सोडून देता आला असता. पण मॅचच्या डोक्यावर रँकची शिडी आहे: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राउन, एस, आणि त्याच्याही वर चढत गेलं की सर्वांत टोकाला काँकरर. हे शेवटचं नाव सर्व्हरवरच्या पहिल्या पाचशे जणांनाच मिळतं. क्राउन ३,७०० गुणांना लागतो, एस ४,२०० ला. मधल्या पाचशे गुणांत या मुलाचा जीव अडकला आहे.

त्याचा हिशेब तोंडपाठ आहे. दिवसा तो राइस मिलच्या काट्यावर पावत्या फाडतो, आकड्यांची सवय आहे. बरी मॅच झाली तर सरासरी पंधरा गुण धरायचे. पाचशेला चौतीस मॅचेस. अर्ध्या तासाची एक, म्हणजे सतरा तास. आणि हे सगळं मध्ये एकदाही मायनस बसणार नाही असं गृहीत धरून. आज एकाच फटक्याला एकोणतीस गेले, म्हणजे जवळपास दोन बऱ्या मॅचेस पाण्यात. एक तास.

पुढची मॅच मात्र तो वेगळ्या पद्धतीने खेळतो, आणि चिडचिडीचं खरं मूळ तिथे दिसतं. पोचिंकीसारख्या गजबजलेल्या जागी तो उतरतच नाही. तिथे पहिल्या दोन मिनिटांत बंदुका वाजतात, मजा तिथेच असते. तो बेटाच्या कडेला, जिथे कुणी फिरकत नाही अशा घरांपाशी उतरतो. बंदुकीच्या आधी फर्स्ट एड, पेनकिलर, एनर्जी ड्रिंक गोळा करतो. मग एका न्हाणीघरात शिरून दार लावून घेतो आणि आडवा पडतो.

दहा मिनिटं काहीही होत नाही.

वरच्या कोपऱ्यात जिवंत खेळाडूंचा आकडा तेवढा उतरत जातो. चौऱ्याऐंशी. एकाहत्तर. साठ. मुलगा एका हाताने मुरमुरे खातो, दुसरा अंगठा नुसता काचेवर. निळं वर्तुळ आवळत येतं तसा तो गवतातून सरपटत पुढे जातो, वाटेत औषध घेतो, पुन्हा पडून राहतो. जगण्याचे गुण जास्त, मारण्याचे त्या मानाने कमी. रँक पुश करणाऱ्या प्रत्येकाला ही युक्ती ठाऊक आहे. शेवटच्या दहांत पोहोचल्यावर कुणीतरी त्याला गवतातच टिपतं. अधिक चौदा.

"खेळायला गेलो तर रँक जाते," तो म्हणतो. "रँक पाहिजे तर खेळायचं नाही. असं नुसतं दळण दळायचं."

जगभरचे खेळाडू या प्रकाराला 'ग्राइंड' म्हणतात. मराठीला हा शब्द उसना आणावा लागला नाही. तेच ते पुन्हा पुन्हा, कंटाळा आला तरी थांबता येत नाही, त्याला आपल्याकडे आधीपासून दळणच म्हणतात. फरक एवढाच की जात्याखाली पीठ साचतं. इथे दोन महिन्यांचा सीझन संपला की कमावलेली रँक आपोआप काही पायऱ्या खाली घसरवली जाते आणि चढण पुन्हा सुरू होते.

हे दळण त्याच्या फोनपेक्षा जुनं आहे. १६ मार्च १९९९ ला अमेरिकेत 'एव्हरक्वेस्ट' हा संगणकावरचा सामूहिक खेळ आला. त्यानंतर दीड महिन्याने, १ मे १९९९ ला, भंडाऱ्यातून इथला गोंदिया जिल्हा वेगळा झाला. एव्हरक्वेस्टमध्ये एकेका पातळीसाठी लोक तासन् तास एकाच जागी एकाच जातीची जनावरं मारत बसत. त्याची चटक अशी की 'क्रॅक' या नशेच्या पदार्थावरून खेळाडूंनीच त्याला 'एव्हरक्रॅक' नाव ठेवलं. २००१ साली आलेल्या 'रूनस्केप'मध्ये कौशल्याची सर्वोच्च पातळी मुळात ९९ होती. तिथे पोहोचायला १,३०,३४,४३१ गुण लागतात. आणि याचा अर्धा टप्पा पातळी पन्नासला येत नाही, ९२ ला येतो. ब्याण्णव पायऱ्या चढून आलेल्याला उरलेल्या सातांसाठी तेवढीच झाडं पुन्हा तोडायची असतात, तेवढेच मासे पुन्हा पकडायचे असतात. हे माहीत असून लाखो लोकांनी ते केलं.

चिडचीड कुठे होते आणि कुठे होत नाही, याचं मासलेवाईक उदाहरण 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चं. २००४ मध्ये बाजारात येण्याआधी खेळाची चाचणी चालू होती. फार वेळ खेळणाऱ्याला काही काळाने निम्मेच गुण द्यायचे, म्हणजे तो उठून जाईल, असा बेत होता. खेळाडू खवळले. मग कंपनीने तीच गोष्ट उलटी मांडली: विश्रांती घेऊन आलेल्याला आधी दुप्पट गुण, नंतर नेहमीचे. गणित जवळपास तेच राहिलं, आरडाओरडा मात्र थांबला. कमी मिळाल्याचं दुःख होत नाही, हातातलं कापल्याचं होतं, हे त्या एका बदलाने कंपनीला शिकवलं.

नोव्हेंबर २०१७ मध्ये तर खेळाडूंनी एका मोठ्या कंपनीला गुडघ्यावर आणलं. 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' पैसे मोजून विकत घ्यायचा, आणि तरीही डार्थ व्हेडर खेळायला मिळावा म्हणून ६०,००० क्रेडिट जमवायचे. कुणीतरी हिशेब मांडला: सुमारे चाळीस तास. एवढ्या कष्टानंतर खेळाडूला अभिमान वाटावा, अशा अर्थाचं उत्तर कंपनीने रेडिटवर दिलं. त्या उत्तराला साडेसहा लाखांहून अधिक नापसंतीच्या खुणा मिळाल्या. कंपनीने किंमत ७५ टक्क्यांनी उतरवली आणि खेळ अधिकृतपणे बाजारात येण्याच्या तोंडावर त्यातली पैशांची खरेदीही बंद ठेवली. राग चाळीस तासांचा होताच. पण पैसे भरले की तास वाचतात, म्हणजे कंटाळा मुद्दाम ठेवलाय, हे लोकांच्या ध्यानात आलं, ते जास्त झोंबलं.

स्लॅबवरच्या मुलाचा फोन साधा आहे आणि खेळात पैसे टाकायची त्याची ऐपत नाही. त्याच्या वाट्याला आलेली कापाकापी निराळी होती. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने ११८ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होतं. तेव्हा शाळा बंद होत्या. घरात आलेला पहिला स्मार्टफोन वर्गासाठी म्हणून आला होता आणि पबजीसाठी झिजत होता. पुढच्या वर्षी, २ जुलै २०२१ ला, क्राफ्टन या दक्षिण कोरियन कंपनीने बीजीएमआय आणलं आणि जुनं खातं इकडे वळवण्याची सोय दिली. २८ जुलै २०२२ ला तेही ॲप स्टोअरवरून हटवलं गेलं. मे २०२३ मध्ये परतलं, ते वेळेची मर्यादा घेऊन: अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास, बाकीच्यांना सहा. रूनस्केपच्या जगात पंधरा वर्षांचा जुना गडी आपली जुनी कुऱ्हाड मिरवतो. इथल्या पोरांना तशी सलगता कधी लाभलीच नाही.

खाली ओसरीवर आजी बसली आहे. तिच्या मांडीवर आता सूप नाही, पण बोटांची सवय गेलेली नाही. बोलताना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत राहतात. चाळीस वर्षं तिने बिड्या वळल्या. गोंदिया हे बिडीचं गाव. इथलं बडं नाव असलेल्या मनोहरभाई पटेलांच्या घराण्याचा व्यवसायही हाच. आसपासच्या खेड्यांत पिढ्यान् पिढ्या बायकांच्या दुपारी तेंदूच्या पानावर गेल्या. मे महिन्यात भल्या पहाटे जंगलात शिरून पान तोडायचं, सत्तर पानांचा पुडा बांधून फळीवर, म्हणजे पानं जमा करण्याच्या जागी, नेऊन द्यायचा, हे एक काम. वळणं हे दुसरं, बारमाही.

ते कसं, हे ती रिकाम्या हातांनी करून दाखवते. ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ केलेलं पान. त्यावर पत्र्याचा फर्मा ठेवून कैचीने कापायचं, जाड शिरा काढायच्या. तळहातावर पान तिरपं धरायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची. फार झाली तर ठेकेदार बोलतो, कमी पडली तर बिडी पोकळ. अंगठ्याने गुंडाळायचं, दोऱ्याचे दोन वेढे, तोंड नखाने दाबून बंद. पंचवीसचा एक कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार. आठ तासांत हजार व्हायच्या तर एका बिडीला एकोणतीस सेकंदही मिळत नाहीत, आणि त्यातच पान कापणंही आलं.

"आवडायचं का?" असं विचारलं तर ती हसते. आवडण्याचा त्यात प्रश्नच नव्हता. हजाराला मजुरी ठरलेली होती, तिच्यावर तेल-मीठ आणि पोरांच्या वह्या ठरलेल्या होत्या. कंटाळ्यावर उपायही होता: चारचौघी एका ओसरीवर बसायच्या, गावातल्या सगळ्या भानगडी दोऱ्याबरोबर गुंडाळल्या जायच्या. तिचा राग कामावर नव्हताच. तो होता छाटीवर.

कारखान्यात जमा करायला नेलं की तपासनीस कट्टे सोडून बोटांत बिड्या फिरवायचा. ही सैल, ही वाकडी, हिचं तोंड उघडं. अशा बिड्या बाजूला पडायच्या, ती छाट. छाटीचे पैसे नाहीत. बिड्याही परत मिळतीलच असं नाही. वळताना खर्ची पडलेली मिनिटं तर गेलीच. हा राग एकट्या आजीचा नव्हता. बिडी व सिगार कामगार कायदा १९६६ चा, आणि त्याखाली महाराष्ट्राने केलेल्या नियमांत छाटीला मर्यादा आली: सर्वसाधारणपणे शंभरात पाचांहून जास्त बिड्या नाकारता येत नसत, आणि त्यावर वाद झाला तर निरीक्षकाकडे जायचं. मालक मंडळींनी कायद्यालाच आव्हान दिलं, तेव्हा १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. आजीला कलमं माहीत नाहीत. पण "पाचाच्या वर छाटता येत नाही" हे वाक्य तिने कारखान्याच्या ओट्यावर उभं राहून एकदा म्हटलेलं आहे, आणि ते कसं म्हटलं हे सांगताना अजून तिची मान ताठ होते.

नातू खाली पाणी प्यायला येतो. चेहरा पाहून ती विचारते.

"का झालं रे बाबू?"

"मायनस बसला."

"मायनस म्हणजे का?"

"कमावलेलं कापलं, आजी."

"मंग छाट म्हण ना."

तो घोट घेता घेता थांबतो, हसतो, आणि तांब्या ठेवून पुन्हा जिना चढतो.

एवढा कंटाळा येतो तर सोडत का नाही, या प्रश्नाचं उत्तर त्याच्या कानात आहे. त्याच्या स्क्वाडचे बाकी तिघं गावचेच, एका बाकावरचे. एक आता नागपूरला हॉटेलात, एक हैदराबादला बांधकामावर, एक पुण्याजवळच्या कंपनीत. दिवाळीलाही तिघांची सुट्टी एकत्र जुळत नाही. दहाच्या पुढे मात्र चौघं विमानात शेजारी शेजारी असतात. स्क्वाड जमला की न्हाणीघरात लपणं बंद. चौघं थेट पोचिंकीत उतरतात, दोन मिनिटांत मरतात, एकमेकांना शिव्या घालतात. कुणाची शिफ्ट बदलली, कुणाच्या घरी धानाला कीड लागली, कुणाच्या बहिणीला बघायला आले, हे सगळं गोळीबाराच्या आवाजात सांगून होतं. दहापर्यंत एकट्याने दळायचं आणि दहानंतर चौघांनी उधळायचं, असा हा हिशेब आहे. शिल्लक शून्याच्या वर कशी येणार?

आज हैदराबादवाला उशिरा आला. स्लॅब टाकायचं काम लांबलं होतं. पहिल्या मॅचमध्ये चौघं मिळून साडेतीन मिनिटं टिकले. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ग्रेनेड टाकला आणि सगळे एकदमच गेले. निकाल समोर येईपर्यंत कुणी बोलत नाही. चौघांचे चार आकडे असतात, प्रत्येकाला फक्त आपला दिसतो.

"किती?" नागपूरवाला विचारतो.

"छाट," टाकीजवळचा म्हणतो. "सत्तावीस."

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग हैदराबादच्या साइटवरून, मागे मिक्सर फिरल्याचा आवाज, आणि त्यातून ज्याची आईही बिड्या वळायची त्या पोराचं हसू. हसता हसता त्याला ठसका लागतो.

"माही एकतीस," तो म्हणतो. "स्टार्ट कर."