वेबसाइट अचानक बंद पडली? दोष प्लगइनचा की सर्व्हरचा, असं ओळखा

समजा, वाशिम जिल्ह्यातल्या आसेगावातून तुम्ही स्थानिक बातम्यांचं पोर्टल चालवता. सोयाबीनच्या भावाची बातमी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली आणि दहा मिनिटांत मेसेज सुरू झाले, "दादा, लिंक उघडत नाही." वेबसाइट बनवून देणारा पुण्यात आणि त्याचा फोन बंद. अशा वेळी काय कराल? वर्डप्रेसवरच्या वेबसाइटसाठी पुढच्या पायऱ्या तुम्ही मोबाइलवरूनही करू शकता.

आधी पाहा, नेमकं बंद काय आहे?

वायफाय बंद करून मोबाइल डेटावर लिंक उघडा. एखाद्या मित्रालाही उघडायला सांगा. सगळ्यांकडेच बंद असेल, तर स्क्रीनवर काय दिसतं ते वाचा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा.

- पांढरी स्क्रीन, 'क्रिटिकल एरर' किंवा ५००: बहुतेकदा प्लगइन, थीम किंवा सर्व्हरच्या सेटिंगचा घोळ.
- ५०३ किंवा ५०८: सर्व्हरवर ताण आल्याची शक्यता जास्त.
- डेटाबेस कनेक्शनची एरर: डेटाबेसचा पासवर्ड चुकलाय किंवा तो सर्व्हर बंद आहे. थेट होस्टिंग कंपनीशी बोला.

ताण आणि बिघाड यांत फरक आहे

१६ जुलै २०२१ आठवतोय? दहावीचा निकाल ऑनलाइन लागला आणि राज्यभरातले विद्यार्थी-पालक एकदम तुटून पडल्यावर निकालाची संकेतस्थळं कित्येक तास ठप्प झाली. हा गर्दीचा ताण. तुमची एखादी लिंक व्हायरल झाली, तर स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर छोट्या प्रमाणात हेच होतं. गर्दी ओसरली की साइट आपोआप सुरू होते. पण गर्दी नसतानाही साइट बंदच असेल, तर बिघाड शोधावा लागतो.

शेवटचा बदल काय केला?

काल कोणता प्लगइन अपडेट केला? होस्टिंगवाल्याने पीएचपीची आवृत्ती बदलली का? बहुतेक वेळा उत्तर इथेच मिळतं. ऑगस्ट २०२० मध्ये वर्डप्रेस ५.५ आलं, तेव्हा जेक्वेरी मायग्रेट हा जुना आधार काढला गेला आणि त्यावर विसंबलेल्या अनेक साइट्सवरची बटणं, मेनू चालेनासे झाले. पीएचपी ८ मध्येही काही जुनी फंक्शन्स काढून टाकलेली आहेत. ती वापरणारा जुना प्लगइन अख्खी साइट पाडू शकतो.

दोषी प्लगइन असा पकडा

१. अ‍ॅडमिनचा ईमेल तपासा. मे २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस अशा वेळी 'रिकव्हरी मोड'ची लिंक पाठवतं. त्यातून आत जाऊन दोषी प्लगइन बंद करता येतो.

२. ईमेल आला नसेल, तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये जा. 'डब्ल्यूपी-कंटेंट' फोल्डरमधल्या 'प्लगइन्स' फोल्डरचं नाव बदला. साइट सुरू झाली, म्हणजे दोष प्लगइनचाच.

३. आता अ‍ॅडमिनमधलं प्लगइनचं पान एकदा उघडा. सगळे प्लगइन बंद होतील. मग फोल्डरला जुनं नाव द्या आणि एकेक प्लगइन सुरू करत जा. ज्याच्यापाशी साइट पुन्हा पडेल, तो दोषी.

घाईत प्लगइन डिलीट करू नका. काही प्लगइन जाताना स्वतःचा डेटाही पुसतात. आणि कॅशिंगचे दोन प्लगइन एकत्र ठेवू नका. दोघं एकाच फाइलवर हक्क सांगतात आणि भांडण साइटला भोवतं.

तरीही बंदच?

मग सर्व्हरकडे वळा. होस्टिंगमधला 'एरर लॉग' उघडा. मेमरी संपल्याची ओळ दिसली, तर मर्यादा वाढवून घ्या. वर्डप्रेसची स्वतःची मर्यादा साधारण ४० एमबी असते, मोठ्या प्लगइनना ती पुरत नाही. पीएचपी नुकतंच बदललं असेल, तर तात्पुरतं आधीच्या आवृत्तीवर जा आणि प्लगइन अपडेट करून परत या. 'एचटीअ‍ॅक्सेस' फाइल बिघडल्यानेही ५०० एरर येते. तिचं नाव बदलून पाहा. साइट सुरू झाली, तर सेटिंग्जमधल्या 'परमालिंक्स'मध्ये जाऊन सेव्ह दाबा, नवी फाइल तयार होते.

आजच तपासा

अ‍ॅडमिनचा ईमेल, होस्टिंगचं लॉगिन आणि डोमेन कोणाच्या नावावर आहे? पुष्कळदा हे तिन्ही साइट बनवणाऱ्याकडेच असतात. मग रिकव्हरीची लिंकही त्याच्याच ईमेलवर जाते आणि तुम्ही स्वतःच्या वेबसाइटबाहेर उभे राहता. साइट चालू असतानाच हे सगळं आपल्या नावावर करून घ्या आणि दर आठवड्याचा बॅकअप होस्टिंगबाहेर, ड्राइव्हवर ठेवा. चावी हातात असेल, तर कुलूप उघडायला पुण्याचा फोन लागेपर्यंत थांबावं लागत नाही.