भट्टीतला तराजू

मराठीच्या अध्यापकाचा आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचा संबंध काय, असे वाचक विचारतील. गेल्या पावसाळ्यापर्यंत तो मलाही ठाऊक नव्हता. कॉलेजात त्या दारावरून जाताना नाकाला रुमाल लावायचा, एवढाच आमचा तिच्याशी व्यवहार.

निमित्त झाले आमच्या गावच्या वाड्यातील ओसरीच्या भिंतीचे. भिंत आजोबांच्या वेळची, चुन्याच्या गिलाव्याची. कमरेच्या वर तिला लोणा लागला होता. बोट लावले की भुगा पडे. ठेकेदार म्हणाला, "जुना चुना मेला आता. सगळा गिलावा काढून सिमेंट मारू." दादाने मुंबईहून त्याला विसारही पाठवून दिला. पण अण्णा हटून बसले. वय वर्षे एक्क्याऐंशी. भिंतीवर काठी ठोकून ते म्हणाले, "वरचा चुना माझ्या बापाचा. तो मेलेला नाही. खालचा मात्र चुनाच नव्हे!"

हा शेवटचा बाण मला लागला. कारण कमरेखालचा गिलावा 2006 साली, नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षीच्या पगारातून, मीच करून घेतला होता. आणि गवंड्याला बजावले होते की अण्णांना चुनाच हवा आहे. पैसेही चुन्याचेच मोजले होते.

हे सारे मी स्टाफरूममध्ये बोललो. आमच्या रसायनशास्त्राच्या मॅडम चहा पिता पिता म्हणाल्या, "सर, भांडता कशाला? दोन्हीकडचे खडे आणा. तापवून वजन करू."

विद्यापीठाच्या ज्या यंत्रापाशी त्यांनी मला नेले, ते म्हणजे एक तराजू. फरक इतकाच, की याचे पारडे भट्टीत असते. पारडे म्हणजे चिमुकली मूस. तिच्यात खलात कुटलेली दहा मिलिग्रॅम पूड घालायची, म्हणजे तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढे वजन! मग मिनिटाला दहा अंश या बेताने भट्टी हजार अंशांपर्यंत तापवायची आणि वजन क्षणोक्षणी टिपत जायचे. शंभर मिनिटांत पडद्यावर एक रेघ उमटते. सपाट चालता चालता ती मध्येच पायरी उतरते. पायरी कोणत्या तापमानाला आहे त्यावरून काय उडून गेले ते कळते आणि पायरीच्या उंचीवरून किती, ते कळते.

कल्पना जुनी आहे. एडिंबराच्या जोसेफ ब्लॅकने 1756 साली छापलेले प्रयोग हेच होते: पदार्थ तापवायचा, आधी आणि नंतर तोलायचा, आणि हरवलेले वजन कोठे गेले ते शोधायचे. त्यातूनच चुनखडीत कोंडलेला वायू माणसाला सापडला. पण तापत असतानाच तोलायचे, म्हणजे पदार्थाला रंगेहाथ पकडायचे, ते जपानात सेंदाई येथे कोतारो होंडा यांनी साधले. 1915 साली त्यांनी आपल्या यंत्राला नाव दिले 'थर्मोबॅलन्स'. मी मनात त्याचे 'तापता तराजू' केले. परिभाषा समितीवर मला कोणी घेत नाही, ते बरेच आहे.

आता चुन्याची गंमत पाहा. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शंभर तोळे शुद्ध चुनखडीतून चव्वेचाळीस तोळे हवेत जातात, छप्पन्न तोळे कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून भिंतीला लावला की वर्षानुवर्षे हवेतला तोच वायू पुन्हा पितो आणि पुन्हा दगड होतो. प्रयोगशाळेतली भट्टी त्याला तो वायू पुन्हा ओकायला लावते.

आजोबांच्या गिलाव्याची रेघ साडेसहाशे अंशांपर्यंत जवळजवळ सपाट गेली आणि मग आठशेच्या आत एकदम घसरली. शंभरात एकवीस भाग वजन गेले. मॅडमनी तेथेच हिशेब मांडला: अठ्ठेचाळीस टक्के चुनखडी, बाकीची बहुतेक वाळू. "विरलेला चुना उरला असता तर साडेचारशेच्या आसपास पायरी दिसली असती. येथे नाही. सगळा दगड झालाय. याला मेलेला म्हणता?"

माझ्या गिलाव्याची रेघ शंभर अंशांपासूनच उतारावर लागली, आणि साडेचारशेला ठसठशीत पायरी! "ही पायरी एकटी असती तर न मुरलेला चुना म्हटले असते," मॅडम म्हणाल्या, "पण हा आधीचा लांब उतार सिमेंटाने धरून ठेवलेल्या पाण्याचा आहे. सर, तुम्हांला चुना लावला, पण भिंतीला नाही!"

मी हसलो, हसू मात्र फारसे आले नाही. लोणा का लागला हे यंत्र सांगत नाही, हेही त्यांनी बजावले. पण तर्क सोपा होता. जोत्यातून चढणारी ओल चुन्यातून सहज बाहेर पडत असे. खाली सिमेंटाने वाट अडवली, तेव्हा ती वर सरकली. जेथे चुना भेटला तेथे वाळली आणि आपले क्षार तेथेच सोडून गेली. त्या क्षारांनी गिलावा फोडला. अठरा-एकोणीस वर्षे मी आजोबांच्या चुन्याला नावे ठेवीत होतो आणि रोग माझ्या दुरुस्तीतून वर चढत होता.

दादाला फोन केला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "विसार बुडाला म्हण." बुडालाच.

अण्णांना दोन्ही रेघांचा कागद दाखवला. चष्मा लावून त्यांनी तो उलटासुलटा पाहिला आणि विचारले, "हे कळायला हजार अंश लागले?"

सध्या अंगणातल्या हौदात चुना विरत पडला आहे. अण्णा रोज सकाळी काठीने तो ढवळतात आणि मला जवळ येऊ देत नाहीत.